वॉर्मअपपुरतं पाणी

मला शर्यत पोहायची नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, बाईच्या अंगात कुणी खेळाडू दडून बसला होता. तसलं काही नाही. मला पाणी हवं होतं. शर्यतीच्या आधी अंग मोकळं करायला सगळ्यांना अर्धा तास तलावात सोडतात, त्याला वॉर्मअप म्हणतात, एवढं मी ऐकलं होतं. त्या अर्ध्या तासासाठी मी नाव दिलं. नंतरची शर्यत कशीतरी उरकून टाकू, हात मारत मारत पलीकडे पोचू, आणि कपडे बदलून घरी येऊ, असा माझा साधा बेत होता.

लग्न होऊन सौंसरला आले तेव्हापासून मी पाण्यात उतरलेच नव्हते. माझी मुलगी आता कॉलेजात जाते, म्हणजे किती काळ झाला ते बघा. बादली आणि मग्गा, एवढंच माझं पाणी.

माझं माहेर तिगावच्या पुढे. वडील संत्र्याच्या बगीच्यात सालदार होते. बगीच्यात एक मोठी गोल विहीर होती, दगडानं बांधलेली, आत उतरायला पायऱ्या. माझ्या आजोबांना त्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. वरून कुणी ओतेल तर ओंजळ धरायची. वडिलांच्या वेळेला मोटर चालू-बंद करायचं काम त्यांच्याकडे आलं, आणि त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला त्या विहिरीत ढकललं. मी बोंबलले, पाणी प्याले, आणि पोहायला शिकले. सलवार-कुर्त्यासकट. कुर्त्यात हवा भरून पाठीवर फुगा यायचा आणि बाबा वरच्या पायरीवर बसून पोट धरून हसायचे.

गोल विहिरीत सरळ असं काही नसतं. एका बाजूला मोटरचा पाइप, त्याला धक्का लागता कामा नये, म्हणून डाव्या हाताला वळत राहायचं आणि गोल गोल फिरायचं. उन्हाळ्याच्या दुपारी वरचं वीतभर पाणी कोमट असायचं आणि खाली पाय सोडले की थंडगार. मी तासन्‌तास फिरायचे. डोक्यात काही नसायचं. घर, अभ्यास, आईची हाक, काही नाही. असं डोकं रिकामं मला नंतर कधीच मिळालं नाही. तो बगीचा पुढे विकला गेला, झाडं तोडली गेली, आणि विहिरीवर कुणी पडू नये म्हणून लोखंडी जाळी बसवली. बाबा गेल्यावर मी एकदा त्या बाजूला गेले होते. जाळीतून पाणी दिसत होतं. मला इतका राग आला की मी जाळीला लाथ मारली, आणि माझाच अंगठा सुजला.

आता नाव कसं दिलं ते. मी सरकारी कार्यालयात लिपिक आहे. आमचा पांढुर्णा जिल्हा हिंदी मुलखातला आणि नवा, आणि नवा जिल्हा म्हणजे नव्या सुनेसारखा. जिथे बोलावणं येईल तिथे हजेरी लावावीच लागते. कर्मचाऱ्यांच्या विभागीय क्रीडा स्पर्धा होत्या. पांढुर्ण्याच्या बैठकीत साहेब एकेक खेळ वाचत होते आणि कोण जाणार ते ठरत होतं. कबड्डी झाली, कॅरम झाला, भालाफेक झाली. मग ते म्हणाले, "महिला तैराकी?" आणि मान वर न करता स्वतःच म्हणाले, "छोड़ो."

ते "छोड़ो" माझ्या डोक्यात गेलं. खोलीत आम्ही चांगल्या सात-आठ बायका बसलो होतो, विचारून तरी पाहायचं. माझा हात वर गेला. मी वर केला असं म्हणणार नाही, तो गेला.

घरी सांगायची मला भीती नव्हती, कारण एक गुपित मला ठाऊक झालं होतं. मी स्वतःहून म्हटलं असतं की मला पोहायला जायचंय, तर सासूबाईंनी एकच शब्द विचारला असता, "कायले?" हौस म्हणून, असं लग्न झालेल्या बाईनं सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. पण साहेबांनी सांगितलं, असं म्हटलं की काम होतं. सासूबाई वाईट नाहीत. त्यांनी सासऱ्यांच्या मागे दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून पोरं शिकवली, आणि घरात सरकारी नोकरी आली म्हणून त्या नोकरीला त्या देवघरासारखं जपतात, म्हणजे आमच्याकडे देवघर असतं तर.

"सायबानं सांगतलं न?" त्या म्हणाल्या. "मंग जाच लागते. नौकरीची गोष्ट आहे."

माझ्या नवऱ्याला, तो शाळेत शिक्षक आहे, एवढं सोपं वाटलं नाही. "कपडे कोणते घालशील?" त्यानं पहिलं तेच विचारलं. मग आम्ही नागपूरला जाऊन कॉस्च्युम आणला, कोपरापर्यंत बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंत पायांचा, काळा. दुकानदारानं एक नंबर लहान दिला. पाण्यात सैल होतो म्हणाला. घरी सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी ताणून पाहिला.

"हे लेकराचं आहे का व?"

"नाही आई, असंच असतं."

"यात तू जाशीन कशी, अन् गेली त निंघशीन कशी?"

तो प्रश्न मलाही होता. पहिल्यांदा घातला तेव्हा खांद्यावर चढवायला मुलीला गुडघा लावून ओढावं लागलं. आत गेल्यावर श्वास अर्धाच घेता येत होता. तरी मी आरशात बघून हसले. मुलगीही हसली, पण ती वेगळं हसली.

सरावाला पाणी नव्हतं. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचे आणि तिथेच हात मारायचे. एकदा सासूबाई वर आल्या. मी घाबरून टॉवेल झटकू लागले. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. "हात फेकून राहिली, कोनाले मारते का?" एवढंच म्हणाल्या आणि मिरच्या उलथवायला लागल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हात पान्यावर आपटू नको. थकशीन."

निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या पर्समध्ये एक लहान डबी कोंबली. आत तिळाच्या तेलात भिजवलेले कापसाचे बोळे. "उतरायच्या आधी कानात घाल, चांगले दाबून. पानी गेलं त कान ठनकत राहते." आमच्याकडे विहिरीवर कानात पाणी गेलं तर एका पायावर उड्या मारायच्या, एवढंच माहीत. मला वाटलं, सर्दीची काळजी करताहेत. सासूबाई आणि काळजी, दोन्ही एकदम अंगावर आलं की मी वाद घालत नाही. डबी नेली.

स्पर्धेच्या शहरातला तलाव मोठा होता, निळा, ब्लीचिंग पावडरचा वास येणारा. पाण्यात दोऱ्या टाकून पट्टे आखलेले. मी काठावर उभी राहिले आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा पायऱ्यांवर पिशवी आणि टॉवेल घेऊन बसला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता; माझ्याकडे कोण बघतंय ते बघत होता. बघत कुणीच नव्हतं. मी कानात बोळे दाबून घातले, जसे सांगितले होते तसे, आणि उतरले.

पाणी मानेपर्यंत आलं. तो पहिला क्षण माझा होता. तो मी कुणाला देणार नाही.

मग अडचण सुरू झाली. बायकांना भिंतीकडचा एकच पट्टा दिला होता, आणि त्यात पोलीस खात्यातल्या तरण्या पोरी. काय त्यांचे खांदे! मला कुणी सांगितलं नव्हतं की आखलेल्या पाण्याला रस्त्यासारखे नियम असतात, एका कडेनं जायचं आणि दुसऱ्या कडेनं यायचं. मी आपली सुरू झाले. थोडी पुढे गेले आणि माझं अंग आपोआप डावीकडे वळायला लागलं. इतकी वर्षं झाली तरी त्या अंगाला विहीरच आठवत होती. मी दोरीला धडकले, तिथून वळले आणि समोरून येणाऱ्या पोरीच्या डोक्यावर माझं डोकं आपटलं. ती थांबली, तोंड उघडून काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मागून दुसरीची लाथ कंबरेत बसली. काठावर एक शिट्टीवाला हात हलवून ओरडत होता. मला त्याचं फक्त तोंड दिसत होतं. मी एका कानातला बोळा काढला तेव्हा शेवटचा शब्द ऐकू आला, "आंटी!"

सासूबाईंचा असा राग आला! म्हटलं, इथे इतक्या लांब येऊनसुद्धा ह्या बाईनं माझे कान बंद करून ठेवलेत.

मी कशीबशी पट्ट्याच्या टोकाला पोचले आणि कोपऱ्यात उभी राहिले. दोन बाजूंना भिंत, तिसऱ्या बाजूला पोरी. त्या यायच्या, भिंतीला हात लावायच्या, उलट्या फिरायच्या आणि जायच्या. एक गेली की दुसरी. मधे जागा झाली की निघू, असं म्हणत मी थांबले. जागा व्हायची, आणि मी पाय उचलेपर्यंत भरून जायची. गोल विहिरीला कोपरा नसतो. मी पहिल्यांदा पाण्यातल्या कोपऱ्यात उभी होते, छातीला काठ धरून, आणि तो कॉस्च्युम श्वास घेऊ देत नव्हता. एकदा हिंमत करून निघाले, तर शिट्टीवाल्यानं पुन्हा हातवारे केले, म्हणून परत मागे. बाहेर निघावं तर शिडी पलीकडच्या टोकाला, आणि हाताच्या जोरावर काठावर चढायची माझी ताकद नव्हती. थंडी वाजायला लागली. समोर पाणीच पाणी, आणि मला पोहायला त्यातलं वीतभरसुद्धा मिळेना. मी रडले. ओल्या तोंडावर कुणाला कळत नाही, ही एक सोय.

मग लांब शिट्टी झाली. वॉर्मअप संपला. पोरी एका दमात काठावर चढल्या, आणि पाणी रिकामं झालं. सगळं निळं, शांत, माझ्यासमोर पसरलेलं. "आंटी, बाहर!" शिट्टीवाला म्हणाला.

मी दोरीला धरत धरत शिडीपर्यंत गेले. मनाशी म्हटलं, असू दे. शर्यत आहे अजून. शर्यतीत पट्टा माझा एकटीचा असेल. जी शर्यत मी उरकून टाकणार होते, तिच्याकडे आता मी डोळे लावून बसले. टॉवेल गुंडाळून, दात वाजत, बाकड्यावर.

पण माझा पुकारा होईना. पोरींच्या शर्यती झाल्या, पुरुषांच्या सुरू झाल्या. मी टेबलावर जाऊन विचारलं. तिथले गृहस्थ चांगले होते, हसतमुख होते. "बधाई हो मैडम," ते म्हणाले. "पैंतीस के ऊपर महिलाओं में आप अकेली हैं। गोल्ड आपका ही है।"

"शर्यत कधी आहे?"

"रेस किससे करेंगी? दूसरी कोई है ही नहीं। पानी में क्यों उतरना?"

"मुझे तैरना है," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मी पोहायला आले आहे."

त्यांनी हसून मागे बघितलं. आमच्या जिल्ह्याचे क्रीडा प्रभारी धावत आले, त्यांच्या आनंदाला पार नव्हता. नव्या जिल्ह्याचं पहिलं सुवर्ण. "मॅडम, मेडल भेटून राहिलं न? कायले डोकं लावता?" मी म्हटलं, सर, एकदा इकडून तिकडे जाऊ द्या, दोन मिनिटं लागतील. ते म्हणाले, पुढचा कार्यक्रम अडला आहे, जेवणं व्हायची आहेत. मी आणखी काही बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही, पण जरा जास्तच बोलले असेन, कारण आजूबाजूचे लोक वळून पाहायला लागले. आता मात्र बघत होते. कॉस्च्युममधली, थंडीनं कुडकुडणारी, भांडणारी बाई. नवरा टॉवेल घेऊन आला आणि माझ्या खांद्यावर दुसरा टॉवेल टाकला.

"चल न आता. कपडे बदलून घे."

त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याची खूण स्पष्ट होती. माणूस प्रेमळ आहे, पण त्या वेळी मला त्याचा तो चेहरा सहन झाला नाही. मी गेले. कॉस्च्युम निघेना. त्या खोलीत एकटी मी खांदे ओढत, कोपर आपटत झगडत राहिले, आणि शेवटी खाली बसून घेतलं. पोलीस खात्यातली एक पोरगी आली, जिच्या डोक्याला मी डोकं लावलं होतं तीच, आणि तिनं मला त्यातून सोडवलं.

परतताना शनिवार होता. जामसांवलीच्या फाट्यावर देवदर्शनाच्या गर्दीत बस अडकली ती हलेचना. नवऱ्यानं मेडल पिशवीतून काढून पाहिलं, परत ठेवलं, परत काढलं. "मेडल घेतानाचा फोटो चांगला आला," तो म्हणाला.

पुढचं सगळं मेडलचंच झालं. सासूबाईंनी ते फ्रिजच्या वरच्या खिळ्याला टांगलं. बोरगावची नणंद बघायला आली, तिनं गळ्यात घालून फोटो काढला. शेजारपाजारी म्हणायला लागले, यांची सून पोहण्यात पहिली आली. मजा बघा, पोहायला जाते म्हटलं असतं तर ज्यांनी नाकं मुरडली असती, तेच आता कौतुक करत होते, कारण मी पोहले नव्हते. साहेबांनी सांगितलं की पुढच्या वर्षी पुन्हा तुम्हीच. पुन्हा तोच कोपरा आणि तेच टेबल, हे मला तिथेच दिसलं.

पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर बायकांनी माझा सत्कार ठेवला. फुलं दिली आणि म्हणाल्या, दोन शब्द बोल, शर्यत कशी जिंकली ते सांग. मी उठले. समोर सगळ्या बसल्या होत्या, पहिल्या ओळीत सासूबाई, पांढऱ्या लुगड्यात, ताठ. मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

"मी पोहलेच नाही," मी म्हटलं. "मी एकटीच होते, म्हणून त्यांनी उतरूच दिलं नाही. मेडल फुकट आहे."

मग कुणीतरी हसलं. "किती साधी आहे व!" एकजण म्हणाली, आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्या थांबेनात. मी फुलं हातात धरून उभी राहिले, तशीच, कोपऱ्यात उभी राहिले होते तशी.

घरी जाताना मी आणि सासूबाई दोघीच होतो. वाटेत त्या म्हणाल्या, "खरंच नाही पोहली?"

"नाही."

"अन् त्याच्या आंधी? ते अंग मोकळं करतेत ते?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, मुलीनं नाही. मी रस्त्यातच थांबले. "कोपऱ्यात उभी होती, आई. जागाच नाही भेटली."

घराजवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "एकटी बाई गेली का तिले असंच परत लावून देतेत. पुढच्या साली एखादी दुसरी घेऊन जाय संगं. दोघी असल्या त पोहू द्याच लागन."

किती सोपं होतं! मला हे सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी कार्यालयातल्या बायकांना विचारत सुटले. जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, पांढुर्ण्याला बैठकीला गेल्यावर तिथेही. मला वाटलं होतं, कुणालाच येत नसेल. तसं नव्हतं. येत होतं की! एकीच्या माहेरी तळं होतं, एकीच्या बगीच्यात विहीर, एक तर पुरात भावाच्या पुढे पोहली होती. सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. मग त्या आवाज खाली करून तेच दोन शब्द जोडायच्या, लग्नाच्या आधी. पुढच्या वर्षी नाव द्या म्हटलं की डबा बंद करून उठायच्या. एकीनं तर हात जोडले, म्हणाली, ताई, मी सांगितलं हे घरी कुणाला बोलू नका.

एका संध्याकाळी चिडून मी सगळं सासूबाईंना सांगत होते. म्हटलं, अख्ख्या जिल्ह्यात एक बाई भेटत नाही मला. त्या लसूण सोलत बसल्या होत्या. ऐकत होत्या. ओट्यावर ती बोळ्यांची डबी तशीच पडली होती, मी धुवायला म्हणून उचलली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं. कानात बोळे घाल, पाण्यावर हात आपटू नको, शर्यतीच्या आधी अंग मोकळं केलं का. कापूस वेचणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलं?

"आई," मी विचारलं, "तुम्हाला पोहता येतं?"

त्यांनी सोललेली पाकळी ताटलीत टाकली, दुसरी घेतली.

"आमच्या गावाले नदी होती," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आंधी पार जाऊन येत होती मी. भर पान्यात."

"मग नंतर कधी का नाही...?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच वेड्यासारखं विचारत होते.

"मले कोन्या सायबानं सांगतलंच नाही," त्या म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या.